झग्याची डावी बाजू

"अण्णा, ग्रंथालय बघा, जुनं चर्च बघा, नदीवर एक चक्कर टाका. जेवायला मात्र त्या कोपऱ्यावरच्या खानावळीतच जावा, बाकीचे तुम्हाला लुबाडतील. मी सहापर्यंत येतो. मग तुम्हाला गाणं ऐकायला नेतो." एक बूट पायात, एक हातात अशा अवस्थेत शर्वरी दारातून बाहेर पडली आणि उतारावरून दिसेनाशी झाली.

माझी मुलगी 'मी येतो' म्हणते. आमच्या इचलकरंजी-कोल्हापूरकडच्या पोरी असंच बोलतात. पुण्याचे लोक हसतात, हसू देत. पोर्तुगालात चार वर्षं काढूनही तिचं ते बोलणं गेलं नव्हतं. विमानतळावर "आलो, आलो अण्णा!" असं ओरडत ती धावत आली, तेव्हा मला वाटलं, चला, आपलं निम्मं काम इथंच झालं.

काम एकच होतं. तिला घरी परत न्यायचं.

तिला अर्थात तसं सांगितलं नव्हतं. फोनवर म्हटलं होतं, "जरा फिरायला येतो गं. तुझी ती जुनी युनिव्हर्सिटी बघतो, तिकडचं खाणं खातो, संध्याकाळी गाणंबिणं ऐकतो. एकदा जिवाची मुंबई करतो." ती फोनवर म्हणाली, "या की अण्णा." सोबत मी एक मोठी बॅग नेली होती, जवळजवळ रिकामी. येताना तिचं सामान त्यात मावलं असतं. तिनं विचारलं तेव्हा म्हटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना काहीबाही न्यायला लागेल, म्हणून आणली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण त्या वेळचं आमचं घर मला अजून तसंच्या तसं दिसतं. शर्वरीची आई, इंदू, आदल्या वर्षी गेली होती. शर्वरी आली, तेराव्यापर्यंत राहिली आणि परत गेली. त्यानंतर मी आणि टीव्ही. बातम्या ऐकायच्या नसायच्या, पण घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून लावून ठेवायचा. चहा करताना पाणी अजून दोन कपांचंच पडायचं. सगळे म्हणायचे, भालूअण्णा, मुलीला बोलवा आता. आमच्या गावच्या कॉलेजात तिच्या विषयाची एक जागा निघाली होती, तिथले चेअरमन माझ्या ओळखीचे, शब्द टाकून ठेवला होता. जुन्या दगडी इमारती कशा टिकवायच्या हे ती शिकली होती. आमच्याकडे काय जुन्या इमारती कमी आहेत? फक्त विचारायचं बाकी होतं.

आठवड्याचा मुक्काम निम्मा संपला तरी मी विचारलं नव्हतं. सकाळी ती घाईत असायची, रात्री दमलेली. मधला सगळा दिवस मी एकटा कोइंब्रा बघत हिंडायचो.

गाव सुंदर आहे, नाही कशाला म्हणू. टेकडीवर युनिव्हर्सिटी, खाली नदी आणि मधे नुसता चढ. एका जिन्याचं नावच मुळी पाठमोड्या पायऱ्या असं काहीतरी आहे, आणि ते अगदी खरं आहे. ग्रंथालयात भिंतीभर सोनं आणि त्यावर वरपर्यंत पुस्तकं. तिथं वटवाघळं राहतात. रात्री बाहेर पडून पुस्तकं खाणारे किडे खातात, म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही, उलट त्यांच्या घाणीपासून टेबलं वाचावीत म्हणून संध्याकाळी त्यावर कातडं अंथरतात. हे ऐकलं आणि माझी मान आपोआप उजवीकडे वळली. इंदू कायम माझ्या उजव्या हातानं चालायची. "ऐकलंस का, वटवाघळं नोकरीला ठेवलीत," असं म्हणायला तोंड उघडलं, तर शेजारी एक जपानी बाई फोटो काढत उभी. मी तोंड मिटलं. माणूस एकटा पडतो तो दुःखात नाही, हे मला तिथं कळलं. दुःखात चार लोक येतात. काहीतरी गमतीचं दिसतं आणि सांगायला कुणी नसतं, तेव्हा खरा एकटा पडतो.

खानावळीत मातीच्या काळ्या भांड्यात बोकडाचं मटण यायचं. लाल दारूत तासन्‌तास शिजवलेलं, लोण्यासारखं मऊ, पण तिखटाचा पत्ता नाही. मी खिशातून डबी काढून आमची कांदा-लसूण चटणी त्यावर भुरभुरली. वाढणारा पोरगा बघत राहिला. त्यालाही चिमूटभर दिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तो हसला, मी हसलो. त्या दिवशी शर्वरी सोडून दुसऱ्या माणसाशी झालेला माझा तेवढाच व्यवहार.

आणि मग तो झगा.

कोइंब्रातले विद्यार्थी पायघोळ काळा झगा पांघरतात. बाह्या नसलेला, लोकरीचा, जाड, आपल्या घोंगड्यासारखा. थव्यानं उतारावरून येताना दिसले की ग्रंथालयातली वटवाघळंच बाहेर पडली असं वाटायचं. शर्वरीकडेही तसा एक होता. तिच्या खोलीच्या दारामागं खुंटीला लटकलेला असायचा. मी शेजारच्या खोलीत उतरलो होतो. दोन्ही खोल्या दोना लुर्देस या घरमालकिणीच्या. साठी ओलांडलेली विधवा बाई, पोर्तुगीजखेरीज अक्षर येत नाही. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या, आणि आमचं बरं चालायचं.

एका दुपारी खिडकी लावायला म्हणून मी शर्वरीच्या खोलीत गेलो आणि झगा नीट बघितला. फाटका होता. थोडाथोडका नाही. उजवीकडची सगळी किनार खालून वर टराटरा फाटलेली, जागोजागी, वीत-वीतभर. पाठीवर बरोबर मधोमध एक मोठं फाटलेलं. फक्त डावी बाजू तेवढी धड होती.

माझी सगळी नोकरी गेली कापडगिरणीच्या फोल्डिंग खात्यात. मागावरून आलेला तागा टेबलावर ओढायचा, भोक दिसलं की खूण करायची, भरता आलं तर जागच्या जागी रफू करून भरायचं. निवृत्त झालो तरी हात थांबत नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या सदऱ्याचं उसवलेलं दिसलं तरी माझा घास अडकतो. शर्टाच्या आतल्या पट्टीला एक सुई मी अजूनही टोचून ठेवतो. इंदू त्यावरून आयुष्यभर चिडली. आणि इथं माझीच पोरगी असलं लक्तर पांघरून चारचौघांत जात होती.

रस्त्यात एकदोघांचे झगे फाटलेले मला दिसले होते. वसतिगृहातली पोरं, म्हटलं, त्यांना कोण शिवून देणार. पण शर्वरीला आई होती तेव्हा तिच्या ओढणीचा धागासुद्धा निघालेला कधी दिसला नव्हता. मी तिच्या पलंगावर बसलो, झगा मांडीवर घेतला आणि मला रडूच आलं. फोनवर कायम 'मी बरी आहे' म्हणणारी माझी पोरगी अशी राहत होती तर. आई गेली आणि बापाला चार वर्षांत एकदाही यावंसं वाटलं नाही. जे विचारायला मी बिचकत होतो, त्याचं उत्तर मला त्या झग्यातच मिळालं. हिला इथं कुणी नाही. हिला घरी न्यायला पाहिजे.

पण आधी हे भरायला पाहिजे.

धागा बाहेरचा घेतला की रफू दिसतो. कापडाचाच धागा काढून कापडाला द्यायचा, म्हणजे कुणाच्या बापाला कळत नाही. झग्याच्या आतल्या दुमडीतून मी लोकरीचे धागे काढले, खिडकीपाशी उजेडात बसलो, उभे धागे भरले, आडवे भरले. त्या दुपारी बसलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. ती गेली की काढायचा, यायच्या आधी खुंटीला परत. आठवडाभरात पहिल्यांदाच मला आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटत होतं.

दुसऱ्या दुपारी दोना लुर्देस कॉफी घेऊन आली. माझ्या मांडीवरचा झगा तिनं बघितला आणि कपबशी तशीच हातात धरून ओरडायलाच लागली. "नांव, नांव, सेन्योर!" नांव म्हणजे नाही, तेवढं मला कळत होतं. तिनं माझा हात धरला, मान जोरजोरानं हलवली, झग्याकडे बोट केलं, मग छातीवर हात ठेवला, मग दोन्ही हात गालांवर. मला वाटलं, पुरुषमाणूस सुईदोरा घेऊन बसलेला हिला बघवत नाही, आपणच करते म्हणते आहे.

"अहो बाई, माझा धंदाच आहे हा," मी मराठीत समजावलं. "बघा, कुठं होतं सांगा बरं?" आणि भरलेली उजवी किनार तिच्यापुढं धरली. ती खुर्चीवर बसली, किनारीवरून बोटं फिरवली आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटली. माझी कारागिरी बघून गार झाली, असं मी समजलो. मधलं मोठं फाटलेलं तेवढं राहिलं होतं, तेही संध्याकाळच्या आत भरून टाकलं.

मनातल्या मनात सगळं ठरवलं होतं. ती आली की झगा पांघरेल, तिच्या लक्षात येईल, म्हणेल, अण्णा, हे काय! मग म्हणायचं, बाळ, आता घरी चल.

पण ती आली तीच उशिरा. "अण्णा, चला चला, सुरू होईल!" खुंटीवरचा झगा ओढून तिनं चालता चालताच खांद्यावर टाकला. तिचं तिलाच कळू दे, त्यात मजा आहे, असं म्हणत तिच्यामागून पाठमोड्या पायऱ्या उतरलो. मे महिन्यात तिथं आपल्या जेवणाच्या वेळेलाही लख्ख उजेड असतो. गल्लीगल्लीत पोरं दारूचे पेले घेऊन पायऱ्यांवर बसलेली, कुठं गिटार, कुठं हसणं. तिच्या पाठीवर तो झगा अखंड काळा, एक रेघ नाही की सुरकुती नाही. बघून माझी छाती फुगली.

गाण्याची जागा म्हणजे एका जुन्या गल्लीतली दगडी खोली. दाराशी एक उंच पोरगा उभा होता, दाढीवाला, हातात दोन लिंबं घेतलेला. ती त्यानं मला दिली.

"अण्णा, हा तियागो. आमच्या डिपार्टमेंटचा," शर्वरी म्हणाली. "लिंबं त्याच्या आईच्या झाडाची आहेत. तुम्ही रोज जेवताना लिंबू शोधता असं मी सांगितलेलो."

"नमस्कार, अण्णा," पोरगा म्हणाला. चांगला सराव केलेला दिसत होता.

मला अण्णा म्हणायचं याला काय कारण, असं मनात आलं, पण लिंबं रसरशीत होती. खुर्च्या थोड्याच. आम्ही पुढं बसलो, तो बरोबर शर्वरीच्या मागं.

काळे झगे पांघरलेली तीन पोरं आली. दोघांनी वाजवायला घेतलं, तिसरा गायला लागला. शब्द एक कळला नाही. पण काय सांगू, असं वाटलं की माझ्या घरातल्या त्या रिकाम्या दुसऱ्या कपाबद्दल हा कुठून तरी ऐकून आला आहे. गाणं संपलं आणि मी न राहवून कडाकडा टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली.

"इथं टाळ्या न्हाई वाजवत अण्णा," शर्वरी कानात म्हणाली. "आवडलं की घसा खाकरायचा."

"चेष्टा करालीस?"

"ऐका की."

खरंच, मागं कुणीतरी खाकरलं. मग डावीकडे. मग सगळी खोलीच हलकेच खोकायला लागली, एखाद्या दवाखान्यात बसल्यासारखी. मी मघापासून मेणबत्त्यांच्या धुराचा खोकला शिष्टाचार म्हणून दाबून ठेवला होता! दुसऱ्या गाण्याला मी मोकळेपणानं खोकणार होतो.

पण दुसरं गाणं चालू असताना माझं लक्ष मागं गेलं. शर्वरीच्या झग्याचा मागचा घोळ खुर्चीच्या पाठीवरून खाली आला होता. तियागो पुढं वाकला होता. त्यानं तो घोळ दोन बोटांनी हळूच उचलला, मधोमध काहीतरी शोधायला लागला. अंगठा वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. मग कापड त्यानं जपून सोडून दिलं, शर्वरीच्या डोक्याकडे थोडा वेळ बघितलं, उठला आणि कुणाला धक्का लागू न देता बाहेर निघून गेला. त्याचा चेहरा मला दिसला. असा चेहरा मी आधी एकदाच बघितला होता, इंदूचे रिपोर्ट आले त्या दिवशी, दवाखान्यातल्या आरशात.

गाणं संपल्यावर शर्वरीनं मागं वळून बघितलं. रिकामी खुर्ची. ती बाहेर आली, मीही मागोमाग. तिनं फोन लावला, उचलला नाही. परत लावला.

"काय झालं गं? बरं नव्हतं का त्याला?"

"कुणास ठाऊक. असा जाणारा न्हाई तो." आत बसून तिला उकडत होतं. तिनं झगा काढून हातावर घेतला, आणि तिचा हात मधेच थांबला. बोटं किनारीवरून पुढं गेली. ती दिव्याखाली गेली, झगा दारासमोरच्या पायऱ्यांवर सगळा पसरला आणि गुडघ्यांवर बसली.

मी वाट बघत होतो तो क्षण हाच. "सांग बघू कुठं होतं?" मी म्हटलं. "दिसालंय का कुठं?"

"अण्णा." ती वर बघेना. "हे तुम्ही केलंय?"

"दुसरं कोण करणार? दोन दुपारी बसलो. तू असलं फाटकं पांघरून हिंडतीस, आणि मी—"

ती हसायला लागली. हसतच होती, आणि मग मला दिसलं की ती हसत नाही.

"अण्णा, ते फाटलं नव्हतं. फाडलं होतं," ती म्हणाली. "इथं शिक्षण संपत आलं की आपली माणसं आपला झगा फाडतात. हातानं, न्हाईतर दातानं. कात्री लावायची न्हाई. उजवी बाजू मित्रांची. इथं ही लुझिया होती. मला ताप आलेला तेव्हा ही माझ्या उशाशी बसून होती. इथं दोना लुर्देस. आई गेल्याचा फोन आला त्या दिवशी तिनं मला लहान पोरासारखं भरवलं. इथं माझे सर..." रफू केलेल्या किनारीवर तिचं बोट फिरत होतं आणि ती जागा शोधत होती. जागा सापडत नव्हती. रफू चांगला झाला होता.

हिला इथं कुणी नाही, असं मी म्हणत होतो. एवढी माणसं होती, आणि मी ती एकेक करून शिवून टाकली होती.

"आणि मधलं?" मी विचारलं, पण मला कळलं होतंच.

"मधलं एकाच माणसानं फाडायचं. ज्याच्यासोबत आपल्याला राहायचंय त्यानं. आणि ते मोडलं, तर शिवून टाकायचं. शिवलं म्हणजे संपलं."

"मग त्या पोराला वाटलं—"

"व्हय."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. त्या अवस्थेतही आला. "कधीपासून आहे हे? मला कुणी सांगायचं न्हाई?"

"आईला सांगितलं होतं," शर्वरी म्हणाली.

इंदूनं शेवटच्या महिन्यांत मला सांगितलं नाही, म्हणजे तिला माझी खात्री वाटली नव्हती. राग गेला आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. पण तेवढ्यात गल्लीच्या टोकाला, पायऱ्या जिथं संपतात तिथल्या कठड्याला टेकून उभा असलेला तियागो मला दिसला. लांब गेला नव्हता. तसा जाणारा नव्हताच तो.

"तू थांब इथंच," मी शर्वरीला म्हटलं आणि खाली उतरलो.

इंग्रजी माझं कामापुरतं, त्याचंही बेताचं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि शर्टाच्या पट्टीतली सुई काढली. ती त्याच्या डोळ्यांपुढं धरली, आणि मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आय," मी म्हटलं. "नॉट शर्वरी. आय. फादर. ओल्ड फूल."

तो सुईकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग त्या पोरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता की रडत होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्याला दंडाला धरून वर आणलं.

शर्वरीनं झगा उचलून त्याच्यापुढं धरला. ती दोघं त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. मग त्यानं मधली जागा चाचपली, दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. सुटेना. पुन्हा ओढली. मला एकीकडे लाज वाटत होती आणि एकीकडे, देवाशपथ, अभिमान. शेवटी त्यानं दात लावले, जोर केला, आणि टर्रकन आवाज आला. माझा रफू सुटला नव्हता. शेजारीच नवीन फाटलं होतं.

पायऱ्यांवर बसलेली पोरं आमच्याकडे बघायला लागली होती. मला वाटलं, झालं, मिटलं, आणि मी पायरीवर टेकलो. पण शर्वरी झगा घेऊन माझ्याकडे आली आणि शेजारी बसली.

"अण्णा, डावी बाजू तुम्ही शिवली न्हाई."

"तिकडं काही फाटलंच नव्हतं."

"डावी बाजू घरच्यांची असते."

मी त्या धड किनारीकडे बघितलं. धड आहे म्हणून मला जी बरी वाटली होती, तीच.

"कोरी का ठेवलीस?"

"आपल्या हातानं फाडायला लागतंय. तुम्ही कुठं आलेला?" ती रागानं बोलली नाही, साधं बोलली. "आईला किती वेळा म्हटलो, ये. ती म्हणायची, अण्णांना एकटं टाकून कशी येऊ."

तियागो खाली पायरीवर पाठ करून बसला होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण तिकडं बघायचं नसतं एवढं कळत होतं.

"शर्वरी," मी शेवटी म्हटलं, "मी फिरायला आलो नव्हतो."

"म्हाईत आहे. फिरायला आलेला माणूस एवढी मोठी रिकामी बॅग आणत न्हाई, अण्णा." तिनं माझा हात हातात घेतला. "तुम्ही विचारला असता तर मी आलो असतो. मला न्हाई म्हणता आलं नसतं. तेवढ्यासाठीच रोज सकाळी पळत होतो मी."

ती आली असती. माझ्यासमोर तो झगा होता, आणि एका शब्दाचं अंतर होतं. घर दिसलं. टीव्ही दिसला. चहाच्या पातेल्यातलं जास्तीचं पाणी दिसलं. मला तिला न्यायचं होतं, मनापासून न्यायचं होतं, आजही खोटं बोलणार नाही. मी तिच्या हातातून झगा काढून घेतला.

वरचे दात माझे खोटे आहेत, त्यांचा उपयोग नव्हता. पण कापड कुठं दाद देतं ते मला माहीत आहे. डाव्या किनारीची दुमड शोधली, नखानं एक धागा तोडला, दोन्ही अंगठे रोवले. सगळा जन्म भोकं बुजवण्यात गेला. आपण होऊन कापड फाडायची ही पहिलीच वेळ. हात ऐकेनात. मग डोळे मिटले आणि ओढलं. आवाज केवढा झाला! वीतभर गेलं, सरळ.

"हे माझं," मी म्हटलं.

थोडं वर सरकून दुसरं धरलं. ते चटकन फाटलं, जणू कधीचं तयारच होतं.

"हे तुझ्या आईचं."

शर्वरीनं झगा पांघरला आणि त्यात तोंड लपवून माझ्या खांद्यावर रडली, अगदी मोठ्यानं, तेराव्यालासुद्धा रडली नव्हती अशी. मी तिला थोपटत राहिलो. फाटलेल्या कडेचे धागे सुटून माझ्या शर्टाला चिकटले होते. सवयीनं हात सुईकडे गेला, तो मी परत आणला. ती बॅग आपण रिकामीच नेणार, घरी एकट्यानंच जाणार, हे तेव्हा पक्कं झालं, आणि तसंच झालं.

पायऱ्यांवरच्या पोरांनी गिटार खाली ठेवली होती. मग वरच्या पायरीवरून कुणीतरी हळूच घसा खाकरला. मग दुसऱ्यानं. मग एकेक करत सगळ्या जिन्यावरून, अगदी खालपर्यंत. मला आधी वाटलं, या पोरांना सर्दी झाली आहे. मग लक्षात आलं. मीही खाकरलो.